अल्टरनेटर बंद पडेल त्या दिवसापासून डिझाइनला सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन आसनी, पत्र्याचं विमान घरी बांधताय. चार सिलिंडरचं इंजिन, एका बाजूला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी पाडणारं यंत्र), दुसऱ्या बाजूला बसच्या विजेवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पॅनेलवर दोन मोठे स्क्रीन, एक रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं उपकरण), ऑटोपायलट. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) एक, बॅटरी एक. दुसरी बॅटरी लागेल का, ब्रेकर लावू की फ्यूज, वायर किती जाड घेऊ आणि अ‍ॅव्हिऑनिक्सचा (रेडिओ-स्क्रीनसारख्या उपकरणांचा) वेगळा मास्टर स्विच हवा का, हे तुम्ही विचारलंय. सोबत पॅनेलचं चित्रही पाठवलंय. चित्र सुंदर आहे, पण ते थोडा वेळ बाजूला ठेवू. पॅनेलवरून मागे वायरिंगकडे जाणारा माणूस हमखास अडकतो, कारण प्रत्येक उपकरण आपापली वायर घेऊन येतं आणि शेवटी ज्याला सिस्टिम म्हणायचं असा केवळ जुडगा उरतो.

आधी एक अनुभव सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. माझ्या पहिल्या विमानाला इंजिनच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेटो होते आणि व्होल्टमीटर काट्याचा, पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात. संध्याकाळी परतताना रेडिओवर बोलायला बटण दाबलं आणि हेडफोनमधला आवाज गेला. बटण सोडलं की परत आला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा स्क्रीनही विझला. तेव्हा कुठे व्होल्टमीटरकडे लक्ष गेलं, काटा अकराच्या खाली होता. अल्टरनेटर कधी बंद पडला हे मला आजही सांगता येणार नाही, पण सगळे दिवे, स्ट्रोब आणि ऑटोपायलट मी शेवटपर्यंत बॅटरीवर चालवत राहिलो होतो हे नक्की. मॅग्नेटोमुळे इंजिन चालू राहिलं, उजेड शिल्लक होता, म्हणून उतरलो.

खाली आल्यावर कारण सापडलं. रेग्युलेटरवरून (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) अल्टरनेटरच्या फील्डला (जिला वीज मिळाली तरच अल्टरनेटर वीज बनवतो ती कॉइल) जाणारी वायर. तिच्या टोकाच्या लगला (धातूच्या जोडणीला) मी क्रिम्पऐवजी, म्हणजे दाबून बसवण्याऐवजी, शिसं ओतून डाग दिला होता, अधिक पक्कं होईल या समजुतीने. वरून पाहिलं तर जोड अगदी जागच्या जागी. बोटाने हलकेच ओढलं आणि वायर हातात आली. डाग जिथे संपत होता बरोबर तिथेच सगळे तंतू कापल्यासारखे तुटले होते, इन्सुलेशनने तेवढं टोक धरून ठेवलं होतं. शिसं तंतूंमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथरीने कडक-मऊच्या सीमेवर तार तुटते. दोषी एक वायर होती हे खरं. पण एक वायर तुटल्यावर एवढा प्रसंग का ओढवला, याचं उत्तर डिझाइनमध्ये होतं. मला कळवणारा दिवा नव्हता आणि लोड कमी करण्याचा सोपा मार्गही नव्हता.

तेव्हापासून मी कोणत्याही विमानाचं वायरिंग कागदावर घेतो तेव्हा पहिली ओळ लिहितो: अल्टरनेटर बंद पडलाय, अंधार पडत आलाय, टाकीत दोन तासांचं इंधन आहे. आता काय काय चालू राहिलं पाहिजे? उत्तर यादीच्या रूपात येतं आणि ती यादी आश्चर्य वाटावं इतकी छोटी असते. तुमच्या बाबतीत: एक स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बस्स. बाकी सगळं सोयीचं आहे.

आता आकडे. तुमच्या उपकरणांच्या माहितीपत्रकातले खरे आकडे घ्या, मी इथे साधारण धरतोय. दोन स्क्रीन मिळून ४ अँपिअर, रेडिओ ऐकताना अर्धा आणि बोलताना २, ट्रान्सपाँडर १, इग्निशन दीड, ऑटोपायलट २, बॅटरी कॉन्टॅक्टरची (मास्टर स्विचने चालणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल जवळपास ०.८, एलईडीचे नॅव्हिगेशन दिवे आणि स्ट्रोब मिळून ३. म्हणजे साध्या क्रूझला तुम्ही १३ अँपिअर खाताय. लँडिंगला त्यात दिव्यांचे ६, इंधन पंपाचा दीड आणि पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) लावली तर आणखी ८ मिळवा, की जवळपास २८ ते २९. फ्लॅपची मोटर काही सेकंदांची पाहुणी, ती बेरजेत धरू नका, पण तिची वायर निवडताना विसरू नका. ४० अँपिअरचा अल्टरनेटर तुम्हाला पुरेल. चालू लोड क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, कारण स्टार्टनंतर दमलेली बॅटरी स्वतःच काही मिनिटं दहा-पंधरा अँपिअर ओढून घेते.

आता हीच बेरीज बॅटरीच्या बाजूने पाहा. तुम्ही १७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणताय. तो १७ चा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करून मोजलेला असतो, म्हणजे एक अँपिअरपेक्षाही कमी करंटने. पाच अँपिअर ओढले तर त्यातले तेरा-चौदाच हाती येतात, तेरा ओढले तर त्याहून कमी, अकरा धरा. शिवाय बॅटरी वर्षभराची झाली की वीस टक्के वजा करा. हिशेब असा पडतो: सगळं चालू ठेवलं तर चाळीस मिनिटं. फक्त छोटी यादी चालू ठेवली, म्हणजे पाच अँपिअर, तर दोन तासांहून थोडं जास्त. बॅटरी तीच, वजन तेच. फरक फक्त एवढाच की अल्टरनेटर गेल्याचं तुम्हाला लगेच कळलं आणि एका स्विचने लोड खाली आणता आलं. वीस मिनिटं लक्षातच आलं नाही तर सव्वाचार अँपिअर-अवर तिथेच वाहून गेले.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एका मॅग्नेटोच्या जोरावर तुमचं इंजिन विजेशिवाय चालतं, तेव्हा दुसरी बॅटरी नको. ते वजन, त्या जादा वायरी आणि एकीच्या जागी दोन बॅटऱ्यांची देखभाल तुम्हाला परवडणारी नाही. ती अक्कल लो व्होल्टेजच्या दिव्यात आणि वेगळ्या बसबारमध्ये (जिथून उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी, थोडक्यात बस) घाला. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं किंवा इंधन इंजेक्शनचं कंप्युटरवालं इंजिन असतं, तर माझं उत्तर पार उलटं असतं. तिथे वीज गेली की इंजिन गेलं, मग एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन स्रोतांशिवाय उडू नये: दोन बॅटऱ्या, किंवा मुख्य अल्टरनेटरबरोबर व्हॅक्यूम पंपाच्या रिकाम्या जागेवर बसणारा छोटा ८ ते २० अँपिअरचा दुसरा अल्टरनेटर.

तो दिवा. साडेबारा ते चौदा व्होल्टच्या मधली गोष्ट समजून घ्या. अल्टरनेटर चालू असेल तर बसवर १४.२ च्या आसपास व्होल्टेज असतं. निवांत पडलेल्या, पूर्ण चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं १२.७ च्या आसपास. म्हणजे उडताना बसवर १३ च्या खाली आकडा दिसला तर त्याचा एकच अर्थ: बॅटरी रिकामी होतेय. दिवा १३.० वर लागेल असा लावा, ठळक, नजरेच्या ओळीत, लुकलुकणारा. स्क्रीनमध्ये अशी सूचना असतेच, ती हेडफोनमध्ये आवाज करेल अशी लावा. तरीही दिवा वेगळा ठेवा. तुम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा विचार करताय असं पुढे लिहिलंय, तर इथे एक गोम आहे. तिचं विश्रांतीतलं व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असतं आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकून राहते. १३.० चा दिवा तिच्या बाबतीत फार उशिरा पेटेल. तो १३.५-१३.६ वर न्यावा लागतो. आणि व्होल्टेज पाहून तिच्यात किती उरलंय ते कळत नाही, शेवटी एकदम कोसळतं. वजन लेड-अ‍ॅसिडच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं हे खरं, पण तिच्या आतलं संरक्षक सर्किट तिला अचानक बसपासून तोडू शकतं. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी तुटली की व्होल्टेज उसळी मारतं, त्याची सोय आधी करा. पहिल्या विमानात मी लेड-अ‍ॅसिडच घ्यायला सांगेन.

वेगळा बसबार म्हणजे काय ते सांगतो. मुख्य बस अल्टरनेटर आणि बॅटरी कॉन्टॅक्टरमधून चालते. तिच्यातून एका डायोडमार्गे दुसरी छोटी बस, इसेन्शियल बस म्हणा. तिच्यावर ती छोटी यादी, इग्निशन सोडून; त्याचं पुढे सांगतो. त्या बसला बॅटरीपासून थेट येणारी दुसरी वायरही असते, तिच्यावर एक स्विच. रोज डायोडमधून पुरवठा येतो. दिवा पेटला की तो स्विच वर, मास्टर खाली. मुख्य बस मेली, कॉन्टॅक्टरची कॉइलही सुटली, तिचे ०.८ अँपिअरसुद्धा वाचले आणि छोटी यादी चालू राहिली. डायोड मध्ये असल्याने वीज उलटी मुख्य बसकडे जात नाही. आणखी एक फायदा असा की कॉन्टॅक्टर स्वतःच मेला तरी या बसला वीज मिळते. कॉन्टॅक्टर ही आतून हलणारी वस्तू आहे, ती मरतेच. डायोडवर पाऊण व्होल्ट जातो, त्याची काळजी नको, १४.२ मधून पाऊण गेला तरी रेडिओला पुरून उरतो. साध्या ब्रिज रेक्टिफायरचा ठोकळा पत्र्यावर स्क्रूने बसवला की उष्णतेचा प्रश्न मिटतो.

बॅटरीपासून थेट निघणाऱ्या, म्हणजे मास्टर बंद केला तरी जिवंत राहणाऱ्या वायरी पाच अँपिअरच्या फ्यूजपर्यंतच ठेवायची माझी सवय आहे. धडक झाली, इंधन सांडलं, तर जिवंत वायर ठिणगी टाकते. जास्त करंट हवा असेल तर बॅटरीजवळ छोटा रिले लावा आणि स्विचने तो चालवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची वायर मात्र थेट बॅटरीवरच घ्या, स्वतःच्या फ्यूजने. त्यामागे एक विचार आहे: कॉकपिटमध्ये धूर आला तर पहिलं काम मास्टर बंद करणं, आणि मास्टर बंद केल्याने इंजिनाला काही होता कामा नये. तुमच्याकडे एक मॅग्नेटो आहे म्हणून जीव राहील, पण सवय अशीच लावलेली बरी.

ब्रेकर की फ्यूज, यावर फार वाद झडतात आणि त्यातला बराचसा वाद दोघांचंही काम काय ते विसरून होतो. फ्यूज वायर वाचवायला असतो. रेडिओ वाचवायला नसतो, रेडिओ जळला म्हणूनच तर फ्यूज उडाला. वायर जळू नये, तिच्या इन्सुलेशनचा धूर तुमच्या तोंडात जाऊ नये, आग लागू नये, एवढंच त्याचं काम. म्हणून तो वायरीच्या सुरुवातीला, बसबारशीच बसला पाहिजे. उडताना उडालेला फ्यूज बदलायचा नाही आणि ट्रिप झालेला ब्रेकर पुन्हा दाबायचा नाही, हे मान्य असेल तर ब्रेकरचा मोठा फायदाच संपतो. छोटी यादी डिझाइनमध्येच वेगळी झालीय, तेव्हा एखादं उपकरण गेलं तरी तुम्ही उतरू शकता, कारण शोधणं जमिनीवर करता येतं. मी मोटारीतले ब्लेड फ्यूज वापरतो, हलके, स्वस्त, आणि उडाले की लगेच दिसतात. ट्रिमची (विमानाचा तोल साधणाऱ्या पट्टीची) मोटर मात्र अडकून एका दिशेला धावत सुटू शकते, तिथे हाताजवळ स्विच किंवा ओढता येणारा ब्रेकर ठेवा.

आणि एक ब्रेकर अनिवार्य: अल्टरनेटरच्या फील्डचा, ५ अँपिअरचा. कारण ऐका. रेग्युलेटर मरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फील्डला वीज मिळत नाही, अल्टरनेटर थंड पडतो, दिवा लागतो, तुम्हाला उपाय ठाऊक आहे. दुसरीत फील्डला पूर्ण वीज मिळते आणि काही क्षणांत व्होल्टेज सोळा, अठरा, पुढेही जातं, तुमच्या सगळ्या महागड्या पेट्यांवर. त्यासाठी ओव्हरव्होल्टेजचं छोटं सर्किट फील्डच्या वायरीवर लावतात. १६ च्या थोडं वर गेलं की ते फील्ड मुद्दाम शॉर्ट करतं, ब्रेकर उडतो, अल्टरनेटर थांबतो. इथे फ्यूज लावला तर एखाद्या क्षणिक उसळीनेही तो गेला की उडताना परत लावता येत नाही. ब्रेकर एकदा, एकदाच, दाबून पाहता येतो. हे सगळं बाहेरून फील्ड तोडता येण्यावर अवलंबून आहे. मोटारींचे बरेच अल्टरनेटर रेग्युलेटर आत बसवलेले असतात, त्यांचा फील्ड आतूनच पोसला जातो आणि बाहेरून तो बंद करायची खात्रीची वायरच नसते. असा घेणार असाल तर त्याचं आउटपुट तोडणारा जाड कॉन्टॅक्टर लावावा लागेल. मी बाहेरच्या रेग्युलेटरचाच घेतो.

अल्टरनेटरच्या जाड वायरीबद्दल एक समज आहे की ती अल्टरनेटरच्या बाजूने संरक्षित करावी. उलटं आहे. ४० अँपिअरचा अल्टरनेटर ४० च्या फार पुढे देऊच शकत नाही. ती वायर घासून इंजिनला चिकटली किंवा आतले डायोड शॉर्ट झाले, तर बॅटरी मागून शेकडो अँपिअर ओतते. म्हणून ६० अँपिअरचा जाड फ्यूज फायरवॉलजवळ (इंजिन आणि कॉकपिटमधली आगरोधक भिंत), बॅटरी-बाजूला लावायचा.

आता जाडी. अमेरिकन गेजमध्ये नंबर वाढला की वायर बारीक होते, हे पहिल्यांदा सगळ्यांना उलटं वाटतं. २२ नंबरला ५ अँपिअरचा फ्यूज, २० ला ७.५, १८ ला १०, १४ ला १५, एवढं पाठ करून ठेवा, तुमचं ऐंशी टक्के विमान त्यात होतं. पण फक्त तेवढ्यावर थांबलात तर लांब वायरींना फसाल. पिटो हीटचं उदाहरण घेऊ. ८ अँपिअर, पंखाच्या टोकाजवळपर्यंत पाच मीटर. फ्यूजच्या हिशेबाने १८ नंबर चालते. १८ नंबरचा रोध मीटरला २१ मिलिओहम, पाच मीटरला १०५, म्हणजे आठ अँपिअरला ०.८४ व्होल्ट वायरमध्येच गेले. सतत चालणाऱ्या लोडला अर्ध्या व्होल्टच्या आत घट ठेवावी, असा १४ व्होल्टच्या विमानांचा रूढ दंडक आहे. थोडा वेळ चालणाऱ्याला एक व्होल्टपर्यंत. १६ नंबरने ०.५३ येतात, सीमेवर. १४ घेतली तर ०.३३, तीच घ्या. ही बेरीज पत्र्याच्या विमानासाठी, जिथे परतीची वाट पत्रा आहे. फायबरच्या विमानात परतीची वायरही मोजा, घट दुप्पट होते. आता इथे पत्र्याच्या विमानाचे नशीब चांगले.

वायरीचं इन्सुलेशन हा काटकसरीचा विषय नाही. घरगुती किंवा मोटारीच्या पीव्हीसी वायरी जळल्या की विषारी धूर देतात. विमानाची वायर म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे तंतू आणि वर टेफ्झेलचं पातळ, कडक कवच, १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारं. कवच पातळ असल्याने वजनही वाचतं.

स्टार्टरच्या केबलकडे लोक वजनाच्या नजरेने पाहतात. तुमची बॅटरी वजनाच्या तोलासाठी सामानामागे जाईल असं दिसतंय, म्हणून हिशेब करा. जाण्या-येण्याच्या मिळून पाच मीटर केबल, २०० अँपिअर. २ नंबरने अर्धा व्होल्ट जातो, ४ नंबरने ०.८. २ घ्या. मग प्रत्येक जोड पाहा: एक मिलिओहम म्हणजे अगदी न दिसणारा गंज, तोही २०० अँपिअरला ०.२ व्होल्ट खातो. वाटेत आठ-दहा जोड असतात. स्टार्टर दमल्यासारखा फिरला की लोक नवी बॅटरी आणतात, आणि दोष लगच्या खाली लपलेल्या रंगात असतो.

आणि इंजिन ते फायरवॉल जाणारी विणलेली पट्टी! इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते हवेत तरंगतं. स्टार्टरचा सगळा करंट परत येतो तो या पट्टीने. एका मित्राने इंजिन उतरवून परत चढवलं, तेव्हा पट्टी लावायची राहून गेली. स्टार्टर फिरला, थोडा मंद, म्हणून कोणाला शंका आली नाही. तिसऱ्या प्रयत्नानंतर मी मिक्श्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) नॉबला हात लावला तर नॉबची दांडी गरम. दोनशे अँपिअर मिक्श्चर आणि थ्रॉटलच्या केबलींतून वाट काढत होते. केबल उघडली तेव्हा आतल्या तारेवर निळसर डाग पडले होते आणि ती आपल्या नळीत अडखळत होती. हवेत असताना ती जाम झाली असती तर? त्या दिवसापासून मी दोन पट्ट्या लावतो, वेगवेगळ्या बोल्टांवर.

ग्राउंडचा विषय आला आहे तर तो पूर्ण करतो. फायरवॉलवर एक जाड बोल्ट किंवा पितळी पट्टी, तिच्या इंजिनच्या बाजूला इंजिनची पट्टी, आतल्या बाजूला पॅनेलमधल्या सगळ्या उपकरणांच्या काळ्या वायरी. सगळ्या तिथेच. पंखांवरचे दिवे, पिटो हीट पत्र्यावर सोडले तरी चालतं. पण माइक आणि हेडफोनचे जॅक पत्र्याला टेकू देऊ नका. माइकचा सिग्नल मिलिव्होल्टचा. त्याची परतीची वाट पत्र्यातून गेली की अल्टरनेटरच्या करंटने पत्र्यात पडलेला फरक त्यात मिसळतो आणि हेडफोनमध्ये इंजिनच्या गतीबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू येते. जॅकखाली इन्सुलेशनचे वॉशर घालायचे, त्याची शिल्डेड वायर इंटरकॉमपाशी ग्राउंड करायची, दुसऱ्या टोकाला नाही. शिट्टी आली की लोक फिल्टर विकत घेतात. बहुतेक वेळा ग्राउंड नीट केला की शिट्टी जाते. दिशादर्शकाचा मॅग्नेटिक सेन्सर पंखात बसवणार असाल, तर जवळून जाणाऱ्या दिव्यांच्या वायरींना मात्र परतीची वायर द्या आणि दोन्ही एकमेकींना पीळ घालून न्या, म्हणजे त्यांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना मारतात.

अ‍ॅव्हिऑनिक्स मास्टर. जुन्या रेडिओंना स्टार्टरच्या झटक्यापासून वाचवण्यासाठी तो आला. आजची उपकरणं तसे झटके सोसण्यासाठीच बनवलेली असतात. खरा प्रश्न उलटा असतो: स्टार्ट करताना व्होल्टेज नऊ-दहावर येतं, स्क्रीन विझून पुन्हा सुरू होतात आणि इंजिनच्या तेलाचा दाब पाहायच्या ऐन वेळी तुमच्यासमोर कंपनीचं बोधचिन्ह असतं. त्यावर उपाय म्हणजे इंजिनचे आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनला स्वतःची छोटी बॅकअप बॅटरी. एका स्विचवर सगळा अ‍ॅव्हिऑनिक्स टांगला की तो स्विच मेला तर सगळंच मेलं. मी लावत नाही.

प्रत्येक वायर कागदावर आली की शेजारी तीन रकाने काढा: ही तुटली तर काय होईल, मला कसं कळेल, मग मी काय करेन. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातूनच गोष्टी सापडतात. मॅग्नेटो बंद करणारी वायर घ्या. ती मॅग्नेटो ग्राउंड करून बंद करते, म्हणजे ती तुटली तर मॅग्नेटो बंदच होत नाही, स्विच बंद दाखवत असतानाही प्रॉपेलर हाताने फिरवला की इंजिन पेटू शकतं. कसं कळेल? उड्डाणानंतर इंजिन बंद करण्याआधी क्षणभर दोन्ही बंद करून पाहिलं तरच. तो रकाना भरताना तुमच्या चेकलिस्टची एक ओळ आपोआप तयार झाली. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर चिकटला तर? इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर फिरत राहील. कळायला एक छोटा दिवा, स्टार्टरच्या टर्मिनलवरून.

प्रत्यक्ष काम करताना: रॅचेटवाला चांगला क्रिम्पर घ्या, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. त्यात पैसे वाचवू नका. लाल लग २२ ते १६ नंबरला, निळे १६-१४ ला, पिवळे १२-१० ला. प्रत्येक जोड ओढून पाहा. वायर लगनंतर दोन बोटांवर कशाला तरी बांधा, म्हणजे थरथर जोडावर येत नाही. इंधनाच्या नळीबरोबर वायर बांधू नका, आणि जवळून न्यावीच लागली तर नळीच्या वरून न्या, गळती झाली तर वायरीवर टपकू नये. फायरवॉलमधून जाताना स्टेनलेस स्टीलची जोडणी वापरा, नुसता रबरी ग्रॉमेट आगीत मिनिटभरही टिकत नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर लावा आणि तोच नंबर चित्रात लिहा, त्याच दिवशी. आठवड्याने लिहू म्हटलं की सहा वायरी विसरल्याच.

सगळं झाल्यावर पहिल्यांदा वीज देताना बॅटरी थेट जोडू नका. सगळे फ्यूज काढून ठेवा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला मोटारीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि मग मास्टर चालू करा. बल्ब जेमतेम लालसर झाला तर ती कॉन्टॅक्टरची कॉइल आहे. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि त्याने वायरीऐवजी बल्बच तापला. नंतर एकेक फ्यूज घालत जा, प्रत्येकाला बल्ब पाहा. मोठे लोड बल्बच्या जोरावर नीट चालणार नाहीत, ते शेवटी बल्ब काढून तपासा.

उडण्याआधी एक संध्याकाळ द्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, इंजिन बंद, मास्टर बंद, इसेन्शियल बसचा स्विच वर, इग्निशनच्या जागी तेवढाच लोड देणारा दिवा, आणि घड्याळ लावून बसा. व्होल्टेज ११ ला पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा आणि तो कागद पॅनेलच्या मागे चिकटवा. दर वर्षी तपासणीच्या वेळी हीच परीक्षा घ्या. मिनिटं तुमच्या टाकीतल्या इंधनाच्या वेळेखाली आली की बॅटरी बदला, ती इंजिन झोकात फिरवत असली तरी.